तिकिटावर उरलेली 'विक्रांत'

टपालाचे तिकीट हे राष्ट्राचे सर्वांत स्वस्त स्मारक होय. राष्ट्रपतींनी १९८४ च्या फेब्रुवारीत नौदलाची पाहणी केली, त्या निमित्ताने निघालेल्या तिकिटांपैकी एकावर विमानवाहू नौका 'विक्रांत' होती. ते तिकीट संग्राहकांच्या वह्यांत आजही सापडते. नौका मात्र राहिली नाही.

ही नौका मूळची इंग्रजांची, 'हर्क्युलस' नावाची. १९४५ साली ती पाण्यात उतरली, पण महायुद्ध संपल्याने अपुरीच पडून राहिली. १९५७ साली भारताने ती विकत घेतली, बेलफास्टच्या गोदीत तिचे काम पुरे झाले आणि ४ मार्च १९६१ रोजी ती आपल्या नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात बॉयलर बिघडल्याने तिचा वेग घटला होता. तरीही तिच्यावरील विमानांनी कॉक्स बाजार व चितगाव येथे हल्ले केले. वैमानिकांचे नाव झाले, ते योग्यच होय. परंतु ती विमाने वाफेच्या जोरावर फेकली जात, आणि ती वाफ खालच्या उकाड्यात राबणारे हात टिकवीत होते.

३१ जानेवारी १९९७ रोजी 'विक्रांत' निवृत्त झाली. २००१ पासून मुंबईत ती संग्रहालय म्हणून लोकांना पाहता येऊ लागली. ज्या डेकवरून विमाने उडाली त्याच डेकवर शाळकरी मुले उभी राहिली. पण संग्रहालय कायमचे चालविण्यास शासनाला भागीदार मिळेना, नौकेचे पोलाद झिजत गेले, आणि २०१२ साली ते धोक्याचे म्हणून बंद झाले. प्रकरण न्यायालयात गेले, तेथेही यश आले नाही. सुमारे ६० कोटी रुपयांना ती विकली गेली आणि २०१४ च्या अखेरीस दारुखान्यात तिची तोडणी सुरू झाली.

आता उलट बाजू पाहा. १८१७ साली मुंबईच्याच गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली 'त्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका बांधली गेली. इंग्लंडात हार्टलपूल येथे २००१ पर्यंत तिची दुरुस्ती चालली आणि आजही ती तेथे तरंगत आहे. धक्क्यावर जुन्या वेषातील माणसे त्या काळचे जीवन दाखवितात. म्हणजे मुंबईच्या सुतारांनी घडविलेली नौका इंग्रजांनी सांभाळली, आणि इंग्रज कामगारांनी घडविलेली आम्ही मोडली! वाडियांचे नाव इतिहासात आहे. त्या सुतारांची, लोहारांची नावे शोधू गेले तर हाती लागत नाहीत. त्यांची एकच सही उरली आहे, ती म्हणजे ते जहाज.

खर्चाचा आक्षेप खोटा नाही. पोलादी नौका गंजते, तिला दरसाल पैसा लागतो. तथापि विशाखापट्टणमने 'कुरसुरा' ही पाणबुडी २००२ पासून किनाऱ्यावर जतन केली आहे. ती 'विक्रांत'पेक्षा पुष्कळ लहान, हे खरे. पण तेथे निर्णय वेळेवर झाला. आमच्याकडे गंज वाट पाहत थांबला नाही.

श्रीरामपूरला समुद्र नाही, कारखाने आहेत. हरेगावच्या साखर कारखान्याभोवती पिढ्या राबल्या. अशा कारखान्यांतील एखादा गाळपाचा चरक, एखादा हजेरीपट, कामगाराचा पितळी बिल्ला आपण जपून ठेवावा, आणि ते यंत्र चालविलेला माणूस हयात आहे तोवर त्यालाच शेजारी उभा करून मुलांना सारे समजावून द्यावे. भंगारवाला वजन करून गेल्यावर ठराव करून काय उपयोग?