फ्रेंच पॉलिशचे मूळ पळसावर

यवतमाळ जिल्ह्यातील जुन्या घरांत सागवानी कपाट, खुर्ची, देव्हारा असे काहीतरी सापडते. पांढरकवडा, घाटंजी, उमरखेड या बाजूला सागाची जंगले असल्याने त्यात नवल नाही. साग टिकतो, पण त्याच्यावरची झिलई उतरते, डाग पडतात. मग कोणी त्यावर तैलरंग फासतो, कोणी ती वस्तू माळ्यावर टाकतो. बहुतेक वेळा या दोन्हींची गरज नसते. ती का नसते, हे झिलईच्या इतिहासात दडले आहे.

जुन्या सामानावर बहुधा लाखेचे पॉलिश असते. लाख म्हणजे झाडाचा डिंक नव्हे. केरिया लॅक्का हे इवलेसे कीटक पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांतला रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेसारखे कवच तयार करतात. तीच लाख. महाभारतातल्या लाक्षागृहामुळे तिचा ज्वालाग्राही गुण आपल्याला ठाऊक आहे. झिलईसाठी मात्र दुसरा गुण महत्त्वाचा: लाख पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते.

युरोपीय व्यापाऱ्यांना लाखेतला लाल रंगही हवा असे. 1856 मध्ये विल्यम पर्किन यांनी पहिला कृत्रिम रंग बनवला आणि पुढे अशा रंगांनी लाखेच्या रंगाची बाजारपेठ घेतली. राळेची मागणी मात्र वाढत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात स्पिरिटमधील लाख चिंधीच्या बोळ्याने लाकडावर पातळ थरांत चोळण्याची पद्धत रुळली. तिला फ्रेंच पॉलिश म्हणू लागले. आपल्याच जंगलांतली लाख अशी परदेशी नाव घेऊन आपल्या घरांत आली! पुढे ग्रामोफोनच्या तबकड्याही लाखेच्या बनू लागल्या. 1924 मध्ये रांचीजवळ नामकुम येथे लाखेसाठी संशोधन संस्था स्थापन झाली.

पण स्पर्धक येतच होते. लाखेला पर्याय शोधता शोधता लिओ बेकलंड यांनी 1907 मध्ये बेकेलाइट बनवले. 1920 च्या दशकात नायट्रोसेल्युलोजचे लॅकर आले. 1937 मध्ये ओटो बायर यांनी पॉलियुरेथेनचा शोध लावला. त्यापासून बनलेली वार्निशे लाखेपेक्षा उष्णता, पाणी आणि स्पिरिट यांना चांगली तोंड देतात. गरम कप ठेवला तर लाखेवर डाग उठतो, सोड्याच्या पाण्याने ती निघते. म्हणून लाख मागे पडली.

मात्र तिची ही उणीव दुरुस्तीच्या वेळी उपयोगी पडते. कडक वार्निश खराब झाले, तर बहुधा ते खरवडूनच काढावे लागते. लाखेचा नवा थर दिला, की त्यातले स्पिरिट जुन्या थराचा पृष्ठभाग मऊ करते आणि दोन्ही थर एकजीव होतात. म्हणून लाकूड न तासता वस्तू पुन्हा उजळते. वापरायोग्य होण्यास काही दशके घेणाऱ्या सागाचा एक पदरही वाया जात नाही.

वर्गात याची परीक्षा सहज घेता येईल. खुर्चीच्या खालच्या, न दिसणाऱ्या जागी कापसाने स्पिरिटचा एक थेंब लावा. थोड्या वेळाने जागा चिकट झाली, तर पॉलिश लाखेचे असण्याची शक्यता मोठी. मग धूळ व तेलकटपणा पुसून, बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून, पातळ लाख बोळ्याने चोळावी. बोळा अडखळू नये म्हणून जवसाच्या तेलाचा एखादा थेंब पुरे. प्रत्येक थर वाळू द्यावा. पावसाळी हवेत हे काम टाळावे, कारण स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ तिथे साठते आणि पॉलिश पांढुरके पडते. पॉलिशचे स्पिरिट विषारी असते आणि चटकन पेट घेते. म्हणून ते शिक्षकांनीच हाताळावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास ज्योत नसावी.

फाल्गुनात पळस फुलला, की मुलांना त्याच्या फांद्याही निरखायला सांगावे. वर्गातल्या खुर्चीची चमक अशाच फांद्यांवरून आली आहे, हे त्यांना तिथे कळेल.