उन्हाचा राप आणि हळदीचा रंग

देहाला लाभलेला रंग माणसाने आहे तसा क्वचितच स्वीकारला आहे. कोणी तो उजळ व्हावा म्हणून झटतो, कोणी गडद व्हावा म्हणून. आणि दोघांनाही वाटते, की ही सौंदर्याचीच उपासना आहे. या खटाटोपाचा इतिहास पाहिला, तर मात्र त्याच्या मुळाशी सौंदर्यापेक्षा श्रम, विश्रांती आणि प्रतिष्ठा यांचाच हिशेब अधिक आढळतो.

निपाणी आणि बेळगावच्या परिसरात हा हिशेब उघड्यावरच मांडलेला आहे. निपाणीचा भाग बिडीच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध. शेंडे खुडणे, फुटवे काढणे ही कामे हातांनी आणि उन्हातच व्हावयाची, आणि त्यांत स्त्रियांचे कष्ट मोठे. कापलेले पीकही उन्हातच वाळवतात. ऊन मनासारखे मिळाले आणि पानाला रंग चढला, की भावाची आशा वाढते. तेच ऊन पाठीवर घेऊन रापलेल्या मुलीविषयी मात्र स्थळे पाहताना घरचेच आवाज खाली आणून बोलतात. पानाला जे भूषण, तेच माणसाला दूषण!

याच प्रदेशात अंगाला रंग लावण्याची दुसरी, मोकळ्या मनाची रीतही आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर, चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत, कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याची उधळण होते, तेव्हा गोरा आणि काळा हा भेदच काही घटका पिवळ्या रंगाखाली लोपतो. लग्नघरी नवरदेवाची उष्टी हळद नवरीकडे जाते आणि नात्यातल्या सुवासिनी ती तिच्या अंगाला लावतात. हळदीतील करक्युमिन हे रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून हळद कालवताना तेल किंवा दूध घेण्याची चाल उपयोगी पडते. हा रंग त्वचेच्या वरच्या थरावर बसतो आणि अंघोळीने व प्रकाशाने हळूहळू फिका होतो. ‘अंगाची हळद उतरली नाही तोच’ असे म्हणताना मराठी माणूस त्या फिक्या होण्यालाच काळाचे माप मानतो.

युरोपात या हिशेबाचे पारडे एकदा पुरते फिरले. शेतात राबणारा रापलेला आणि वाड्यात बसणारा गोरा, असा तेथेही शतकानुशतके समज होता. पुढे कष्टकरी माणूस कारखान्याच्या छपराखाली गेला आणि तोच फिकट दिसू लागला. प्रकाशाने त्वचेच्या क्षयावर उपचार करणारे डेन्मार्कचे डॉक्टर नील्स फिन्सेन यांना 1903 साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि उन्हाला आरोग्याची प्रतिष्ठा आली. 1920 नंतरच्या दशकात समुद्रकिनाऱ्यावरची सुट्टी ही श्रीमंतीची खूण बनली. तिच्याबरोबर उन्हाचा रापही मिरवण्याची वस्तू झाला. दुसऱ्या महायुद्धात पायमोजे मिळेनासे झाले, तेव्हा इंग्लंडातील कित्येक स्त्रियांनी चहाच्या पाण्याने पाय रंगवून वेळ भागवली.

बाटलीतल्या रापाचा शोध त्यानंतरचा. अमेरिकेतील सिनसिनाटी येथील मुलांच्या रुग्णालयात एव्हा विटगेनस्टाइन या संशोधिका 1950 नंतरच्या दशकात डायहायड्रॉक्सिअॅसिटोन नावाची एक साधी शर्करा आजारी मुलांना पोटातून देत होत्या. औषध जेथे सांडे, तेथे त्वचा तपकिरी होई. कपड्यांवर मात्र डाग पडत नसे. त्यांनी ते द्रावण स्वतःच्या अंगावर लावून खात्री केली आणि 1960 साली हे निरीक्षण शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या बाजारात अशी बाटली विक्रीला आली. ही शर्करा त्वचेच्या मृत थरातील अमिनो आम्लांशी संयोग पावते. तव्यावर भाकरीला तपकिरी डाग पडतात तेही अशाच क्रियेने. फ्रान्सचे माइयार यांनी ती 1912 साली वर्णिली. मेंदीचा रंगही त्वचेतील प्रथिनाशीच जोडला जातो. त्या अर्थाने हे पाणी हळदीपेक्षा मेंदीचे जवळचे नातलग.

आज घरच्या घरी लावण्याची अशी पाणी, फेस आणि मलमे परदेशी दुकानांत शेजारी-शेजारी मांडलेली असतात. बिनरंगी पाणी हलके, लवकर वाळणारे. पण कोठे लागले आणि कोठे राहिले हे दिसत नाही, म्हणून पट्टे उमटतात. रंग मिसळलेला फेस हाताला वाट दाखवतो, पण अंथरुणालाही लागतो. काहींत एरिथ्रुलोज ही सावकाश रंगणारी दुसरी शर्करा घालतात. कोपरे, गुडघे आणि घोटे यांची जाड कातडी अधिक रंग पिते. तळहात लगेच न धुतल्यास तेच गुपित फोडतात. रंग काही तासांत चढतो आणि त्वचेचा मृत थर झडेल तसा आठवडाभरात उतरतो. मात्र हा राप उन्हापासून रक्षण करीत नाही, ही गोष्ट विसरणाऱ्याची त्वचा उन्हात भाजतेच.

अमेरिकेतील त्या बाटलीच्या आधीपासून भारतात उलट्या दिशेची डबी घरोघर पोचली होती. मुंबईत 1919 साली ‘अफगाण स्नो’ निघाले. 1975 साली ‘फेअर अँड लव्हली’ आले आणि 2020 साली त्याच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गळाला. शब्द गळाला, म्हणजे अपेक्षा गळाली असे नव्हे.

दोन्ही बाजारांचे भांडवल एकच आहे: जो रंग आपल्या वाट्याचा नाही, तोच प्रतिष्ठेचा. ज्याला उन्हात उभे राहणे भाग आहे, तो राप झाकतो. ज्याला उन्हात पडून राहण्याची चैन परवडते, तो राप मिरवतो आणि न परवडल्यास विकत घेतो. हळदीचा रंग या व्यवहाराबाहेर राहिला, कारण तो कोणाला फसवीत नाही. तो दुसऱ्याच्या हाताने लागतो, सर्वांच्या देखत लागतो आणि उतरला तरी कोणाची किंमत उतरत नाही. तंबाखूच्या रानातून परतणाऱ्या मुलीच्या रापाला तेवढाच निःशंक मान मिळावा, हे काम कोणत्याही बाटलीच्या आवाक्यातले नाही. ते स्थळे पाहणाऱ्या डोळ्यांचे आहे.