नागसेनवनाची ज्ञानपरंपरा

अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपुष्टात आली. परंतु मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना तेथील बहुतेक महाविद्यालयांची दारे बंदच होती. म्हणून त्यांच्यासाठी स्वतंत्र विद्यापीठे उभी राहिली. १८६६ मध्ये फिस्क आणि १८६७ मध्ये हॉवर्ड ही त्यांतील अग्रगण्य होत. फिस्कचे पदवीधर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये पत्रव्यवहार केला. दोन्ही समाजांच्या दुःखातील साम्य त्यांनी जाणले होते.

तोच काळ बाबासाहेबांच्या शैक्षणिक कार्याच्या आरंभाचा होता. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. दिवसा नोकरी करून पोट भरणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग भरत. संस्थेचा मुख्य हेतू दलितांच्या शिक्षणाचा असला, तरी तिचे दार कोणत्याही जातिधर्माच्या विद्यार्थ्यास बंद नव्हते. बहिष्कृतांनी उभारलेल्या संस्थेने कोणासही बहिष्कृत केले नाही, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे.

निजामी राजवट १९४८ मध्ये संपली, तेव्हा मराठवाडा उच्च शिक्षणात फार मागासलेला होता. तेथे १९५० मध्ये औरंगाबादेस संस्थेने महाविद्यालय काढले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्याच्या इमारतीची कोनशिला बसविली. पुढे त्यास मिलिंद महाविद्यालय आणि त्याच्या परिसरास नागसेनवन ही नावे मिळाली. भिक्षू नागसेनास निर्भयपणे प्रश्न विचारणारा आणि उत्तर पटताच ते मान्य करणारा राजा मिलिंद हा विद्यार्थ्याचा आदर्श ठरला. खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांसाठी वसतिगृहाची सोय झाली. याच महाविद्यालयातील प्राध्यापक गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने दलित साहित्यास हक्काचे व्यासपीठ दिले.

ही वाट सुकर नव्हती. औरंगाबादेतील मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला. त्यावरून हिंसाचार उसळला, दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार प्रत्यक्षात येण्यास १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. विद्येचे दार उघडले तरी समाजाचे मन उघडण्यास किती काळ लागतो, याची ही साक्ष होय.

भिलाईच्या पोलाद कारखान्याने ज्या अनेक प्रांतांतील श्रमिकांना या भूमीत आणले, त्यांत विदर्भातील मराठी कुटुंबेही होती. कुम्हारीच्या परिसरात मातृभाषेतून ज्ञानदान करणाऱ्या शाळेला नागसेनवनाचा इतिहास परका नाही. घराण्यात प्रथमच अक्षर गिरविणाऱ्या मुलास वर्गात मानाने बसता येणे, त्याने निःशंकपणे प्रश्न विचारणे, हीच तेथील कसोटी होती. हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या प्रत्येक शाळेने आपल्या कार्याचे मोजमाप याच कसोटीवर करावे, हे उचित होय.