झोळ, ताण आणि टेरिलीन

समुद्रातल्या तेलाचा इतिहास आपण बहुधा विहिरींच्या आणि पिंपांच्या हिशेबाने लिहितो. तो दोरखंडांच्या अंगानेही लिहिता येतो, आणि मला तोच अधिक उद्बोधक वाटतो.

१९७४ साली ‘सागर सम्राट’ने मुंबई हायला तेल शोधले. तिथे पाणी सुमारे ७५ मीटर खोल. त्यामुळे फलाट पोलादी पायांवर तळाशी उभे राहू शकले. १९८५ साली ब्राझीलच्या किनाऱ्याबाहेर कांपोस खोऱ्यात मार्लिम हे तेलक्षेत्र सापडले, तेव्हा ही सोय राहिली नाही. त्याचा मोठा भाग सहाशे ते हजार मीटर पाण्याखाली होता. इथे फलाट तरंगताच ठेवायचा आणि तळाशी बांधून धरायचा. पण बांधायचा कशाने?

परंपरेचे उत्तर होते साखळी आणि पोलादी दोर. साखळीला पाण्यात झोळ पडतो. वाऱ्याने फलाट ढकलला की झोळ उचलला जातो आणि साखळीचे वजनच त्याला माघारी ओढते. उथळ पाण्यात वजन हेच बळ. खोल पाण्यात मात्र तेच ओझे होते : फलाटाची तरंगण्याची शक्ती साखळी पेलण्यात खर्ची पडते. शिवाय झोळासाठी नांगर फार दूर टाकावे लागतात आणि गजबजलेल्या तेलक्षेत्रात शेजाऱ्याच्या नळांची अडचण होते.

मग हलका, पण पोलादाइतका ताठ धागा शोधणे ओघानेच आले. तसा धागा होता अ‍ॅरामिड. १९८३ साली मेक्सिकोच्या आखातात एका बांधकाम-जहाजाला त्याचे दोर लावले, पण ते अकाली तुटले. दोर सैल पडला की आतले तंतू दबून मुडपतात, आणि पुनःपुन्हा मुडपून मोडतात, असे तपासात दिसले. नुसती ताकद पुरेशी नव्हती.

उत्तर निघाले ते कपड्यांच्या दुनियेतून. १९४१ साली मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा धागा शोधला. आपल्याकडे इस्त्री न मोडणाऱ्या टेरिलीनच्या सदऱ्यांमुळे घरोघरी पोहोचलेला तोच हा पदार्थ. एक घनमीटर पोलाद समुद्राच्या पाण्यातही सुमारे ६,८०० किलो भरते. पॉलिएस्टर जेमतेम ३५०. समान ताकदीसाठी दोर पोलादाहून बराच जाड घ्यावा लागतो, तरीही फायदा मोठाच. तो ओला झाल्याने नायलॉनसारखा कमजोर होत नाही. पण तो ताणतो, आणि हाच त्याचा दोष मानला जाई.

ब्राझीलच्या पेट्रोब्रास कंपनीचे अभियंते सेझार देल व्हेकिओ यांनी १९९२ साली इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठात हलक्या दोरांवर प्रबंध लिहिला. त्या दिशेच्या संशोधनातून हा दोषच उपयोगी ठरला. दोर झोळ न ठेवता ताठ, तिरका ओढून नांगराला बांधायचा. लाटेचा धक्का झोळाऐवजी धाग्याच्या ताणाने सोसायचा. नांगरही जवळ आले. १९९७ च्या सुमारास पेट्रोब्रासने कांपोस खोऱ्यात असे दोर कायमच्या बांधणीसाठी वापरले.

अमेरिकेला विश्वास बसायला आणखी काही वर्षे लागली. साखळीची झीज मोजता येते. जाड आवरणाखालचे पेड कसे तपासणार? म्हणून २००४ च्या सुमारास रेड हॉक आणि मॅड डॉग या फलाटांच्या दोरांत, पुढे काढून तपासता येतील असे तुकडे मुद्दाम जोडले गेले. २०१० साली मेक्सिकोच्या आखातात पेर्दिदो हा फलाट सुमारे २,४५० मीटर पाण्यात पॉलिएस्टरच्याच दोरांवर उभा राहिला.

तरीही पोलाद गेले नाही. तळाजवळ दोर वाळूत घासू नये म्हणून साखळी. आणि नवा दोर ताणून लांबतो, तेव्हा तो आवळून घेता यावा म्हणून फलाटाजवळही साखळी. नव्या तंत्राने जुन्याला हद्दपार केले, अशा कथा आपल्याला आवडतात. समुद्राखालच्या या दोराची दोन्ही टोके मला वेगळे सांगतात : जिथे घासायचे आणि आवळायचे तिथे लोखंड, आणि मधल्या दीड-दोन हजार मीटरांत सदऱ्याचे सूत.