डू, झी आणि अहोजाहो

मराठीत अरेतुरे करता येतं तसं अहोजाहोही करता येतं. जर्मनमध्येही या दोन्हींसाठी स्वतंत्र क्रियापदं आहेत. ‘डू’ म्हणणं म्हणजे ‘डूत्सन’, ‘झी’ म्हणणं म्हणजे ‘झीत्सन’. त्यामुळे आखेनला किंवा म्युनिकला शिकायला जाणाऱ्या मराठी मुलाला व्याकरणाचं हे पान सोपं जातं. तारांबळ उडते ती वर्गात, दुकानात, जिन्यात: कोणाला काय म्हणायचं?

‘डू’ हा आपल्या ‘तू’चा लांबचा भाऊ. आपल्याकडे जिथे जुना त टिकला तिथे जर्मनमध्ये ड झाला. संस्कृत ‘त्रि’ आणि जर्मन ‘ड्राय’ शेजारी ठेवले की हे दिसतं. देवाला दोन्हीकडे एकेरीच हाक.

‘झी’ची गोष्ट अधिक गमतीची. ‘झी’ म्हणजे मुळात ‘ते’, ‘त्या’. एकट्या थोर माणसाला आधी ‘ईअर’ म्हणत, म्हणजे आपलं ‘तुम्ही’च. पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत तेवढा आदर पुरेना, म्हणून समोरच्याशी तो समोर नसल्यासारखं, तृतीय पुरुषात बोलणं रुळलं. (नोकराचाकराशी तृतीय पुरुषच, पण एकवचनी: ‘एर’, म्हणजे ‘तो’!) हे आपल्याला परकं वाटू नये. ‘साहेबांनी बसावं’, ‘पाहुण्यांनी हात धुवून घ्यावेत’ हे आपण पाहुण्याच्या तोंडावर म्हणतोच की. आणि ‘आपण’ तर ‘आत्मन्’वरून आलेलं. समोरच्याला थेट बोट लावायचं टाळण्याच्या या साऱ्या युक्त्या.

विद्यापीठात आज विद्यार्थी एकमेकांना सर्रास ‘डू’ म्हणतात, पण ही रीत फार जुनी नाही. १९६८च्या विद्यार्थी चळवळीआधी तिथले विद्यार्थीही एकमेकांना ‘झी’ म्हणत. प्राध्यापकांशी मात्र अजून बहुतेक ठिकाणी ‘झी’च, आणि हाक आडनावाने. आपलं हक्काचं ‘सर’ तिथे उपयोगाचं नाही. शेजारच्या आजींना काकू-मावशी करून जवळीक साधायची सोयही नाही. त्या ‘फ्राऊ’ अमुक. ‘डू’ मोठ्याने देऊ करायचं, धाकट्याने घ्यायचं. ‘डू देऊ करणे’ असा तिथे वाक्प्रचारच आहे. मराठी मुलाचं बिनसतं ते इथे, कारण आपल्याकडे ‘तू’ कोणी देऊ करत नाही. ते माया वाढली की आपसूक येतं आणि भांडण वाढलं तरी येतं. त्यातून आयकिआसारखं स्वीडिश दुकान जर्मन गिऱ्हाइकालाही बेधडक ‘डू’ म्हणतं, कारण खुद्द स्वीडनने १९६०च्या दशकाच्या अखेरीस अहोजाहो जवळपास सोडूनच दिलं. त्या दुकानात शिकलेली सवय बँकेत नेऊ नये.

‘डू’ आणि ‘झी’ यांच्या मधल्या पायऱ्याही आहेत, आणि मला त्याच सर्वांत मराठी वाटतात. पहिल्या नावाने हाक मारून ‘झी’ म्हणणं, याला ‘हॅम्बुर्गी झी’ म्हणतात. आपलं ‘विनायकराव, तुम्ही’ त्याच्या जवळचं. उलट आडनावाने हाक मारून ‘डू’ म्हणायचं, ते ‘म्युनिकी डू’. त्यालाच ‘कॅशियरबाईंचं डू’ असंही नाव आहे, कारण दुकानातल्या बायका गल्ल्यावरून एकमेकींना असंच विचारतात: ‘फ्राऊ म्युलर, याची किंमत माहीत आहे का गं तुला?’ आपल्या कचेऱ्यांत ‘कुलकर्णी, तू जेवलास का?’ चालतं, त्यातलाच हा प्रकार.