दोन नंबरचा रिमोट

भाऊबीजेला बहिणीला साडी द्यावी, हा नियम ज्या कोणा पूर्वजाने घालून दिला त्याला माझा साष्टांग नमस्कार. साडीला मेगाहर्ट्झ नसतात. साडीला चार्जर लागत नाही. फार तर काठ आवडत नाहीत, आणि तेही पुढच्या दिवाळीपर्यंत कळत नाही. पण गेल्या साली ओवाळता ओवाळता ताईने फर्मान काढलं, "साडी नको. पुढच्या वर्षी आपला तो टीव्हीवरचा गेम दे. आणि एक नंबरचा रिमोट माझा!"

या मागणीला इतिहास आहे, आणि तो थेट जपानात सुरू होतो. १५ जुलै १९८३ रोजी निन्टेन्डो कंपनीने तिकडे 'फॅमिकॉम' नावाचा लाल-पांढरा डबा विकायला काढला. मासायुकी उएमुरा हे त्याचे शिल्पकार. आत प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा आणि कामापुरती मेमरी दोन किलोबाइट. आमच्या वाण्याच्या उधारीच्या वहीत याहून जास्त मजकूर मावतो. डब्याला दोन रिमोट, वायरीने कायमचे बांधलेले. पैकी एक नंबरच्या रिमोटवर 'स्टार्ट' आणि 'सिलेक्ट' ही बटणं होती. दोन नंबरच्या रिमोटवर ती नव्हती; त्याला एक इवलासा मायक्रोफोन दिलेला होता. म्हणजे दोन नंबरवाल्याला अधिकार नव्हते, पण निदान बोलायची सोय होती.

डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत १९९३ साली जो डबा आला तो या जपानी डब्याची नक्कल. सगळाच दोन नंबरचा माल! कॅसेटवर '९९९९ खेळ' असं छापलेलं. त्यातले खरे सात. बाकीचे म्हणजे तेच सात नावं बदलून पुन्हा रांगेत उभे. (आमचे एक काका लग्नाच्या पंगतीला असेच दोनदा बसत.) नक्कल करणाऱ्याने मायक्रोफोन मात्र गाळला होता. मी घरातला मुलगा, म्हणून एक नंबर माझा. ताई तीन वर्षांनी मोठी असून दोन नंबर, आणि बोलायचीही सोय नाही.

अपवाद एकच. 'डक हंट' या १९८४ सालच्या खेळाला प्लॅस्टिकची बंदूक लागायची. बंदूक एकच, त्यामुळे तिथे नंबर नव्हता, नेम होता. आणि नेम ताईचा होता. ती कैऱ्या पाडाव्यात तशी बदकं पाडायची. माझं बदक निसटलं की गवतातून तो कुत्रा तोंड वर काढून हसायचा, आणि त्याच्या जोडीला ताई. पुढे एके दिवशी त्या बंदुकीची वायर उंदराने कुरतडली आणि तो खेळच बंद पडला.

तर आता हा डबा आणायचा कुठून? जुनं यंत्र मेलं तरी नव्या संगणकाकडून त्याचं सोंग आणवता येतं, ही विद्या हौशी मंडळींनी कधीच सिद्ध केली आहे. फेब्रुवारी १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थाने नाणी टाकून खेळायच्या यंत्रांसाठी 'मेम' हा असाच प्रोग्राम बाहेर काढला. याला एम्युलेशन म्हणतात. मी याला एकपात्री प्रयोग म्हणतो. जुन्या डब्यात प्रोसेसर वेगळा, चित्र काढणारी चिप वेगळी. इथे एकाच नटाने सगळ्यांच्या पगड्या घालायच्या, आणि त्याही क्षण न चुकवता. सुपर निन्टेन्डोच्या ३.५८ मेगाहर्ट्झच्या यंत्राची बिनचूक नक्कल करायची तर सुमारे ३ गिगाहर्ट्झचा संगणक हवा, असा हिशेब एका प्रोग्रामरने २०११ साली मांडला होता. साहेबाची नक्कल करायला आमच्या ऑफिसातल्या शिपायाला नुसता चष्मा पुरायचा.

लॅमिंग्टन रोडवरच्या पोराने मला 'रास्पबेरी पाय' दाखवला. कार्डाएवढा संगणक. केंब्रिजला येणाऱ्या पोरांना प्रोग्रामिंग येईनासं झालं म्हणून एबेन अप्टन आणि त्यांच्या सोबत्यांनी तो घडवला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरला बाजारात आणला. पोरं किती शिकली देव जाणे. चाळिशीतल्या बाप्यांनी मात्र त्यावर जुने खेळ चढवले. २०१५ मध्ये त्याचा एक धाकटा भाऊ मासिकाच्या मुखपृष्ठावर फुकट चिकटवून दिला होता. आमच्या दिवाळी अंकाबरोबर फार तर कॅलेंडर येतं.

"काका, पाय फाइव्ह घ्या, लेटेस्ट," पोरगा म्हणाला. तो २०२३ सालचा, जबर ताकदीचा. पण दोन किलोबाइटच्या खेळाला पैलवान कशाला? शिवाय त्याला जुन्या टीव्हीची पिवळी वायर जोडायचं गोल भोक नाही. २०१८ सालच्या 'थ्री बी प्लस'ला ते आहे. मी भोकाच्या बाजूने मत दिलं. चार्जर मात्र घरातला जुना लावला, तर पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकायला लागली. करंट कमी पडतोय म्हणे! मुकाट्याने अडीच अँपिअरचा आणला.

भोकाचा हट्ट बंदुकीपायी होता. त्या बंदुकीतून काहीच सुटत नसे. टीव्हीतून उजेड तिच्यात शिरत असे. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. बंदुकीला तो दिसला तर बदक पडलं. हे जमतं ते काचेच्या नळीच्या टीव्हीवर. सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं, तोवर खेळाने नेम चुकल्याचा निकाल दिलेला असतो. आणि नळीचा टीव्ही मिळवला तरी सोंग घेणारा संगणक स्वतःच थोडा मागे असतो. शिवाय "तो खोका घरात आला तर मी माहेरी," हे सौभाग्यवतींचं मत पडलंच. पेटीत सगळं आलं, बंदूक तेवढी आली नाही.

भाऊबीजेला मी पेटी दिली. दोन रिमोट, अगदी एकसारखे, दोन्हींवर स्टार्ट. आणि निरांजनाच्या उजेडात धीर करून म्हणालो, "ताई, ती वायर... उंदराने नव्हती कुरतडली."

"माहीत आहे," ती ताट खाली ठेवत म्हणाली. "उंदीर कात्रीने कापत नाहीत. आईची कात्री त्या दिवशी तुझ्या दप्तरात होती."

"मग तीस वर्षं बोलली का नाहीस?"

"दोन नंबरला होते ना!"

मग ती एक नंबरचा रिमोट घेऊन बसली. मी उडी मारायच्या बेतात आलो की नेमकं स्टार्ट दाबून खेळ थांबवायची, आणि चकली खायची.