चित्रपटाचा कर्ता कोण? — खानोलकरांच्या तीन कृतींवरून एक विचार

शेवटचें पान गहाळ झालेली पोथी हातीं आली म्हणजे तिचा कर्ता कोण, हा प्रश्न संशोधकापुढें उभा राहतो. अशा वेळीं तो अक्षराचें वळण, शब्दांच्या लकबी व विषयाची ठेवण यांची इतर पोथ्यांशीं तुलना करून कर्त्याचा हात कोणता व लेखनिकाचा कोणता, हें निवडून काढतो. चित्रपटास पुष्पिका असते. आरंभींच्या श्रेयनामावलींत सर्वांचीं नांवें येतात. तरीहि तेथें कर्तृत्वाचा वाद अधिकच तीव्र आहे, कारण एकाच कृतीवर अनेकांचे हात फिरलेले असतात. पोथीशोधनाच्या रीतीनें या वादाचा बराचसा निकाल लावतां येतो, असें आमचें मत आहे. आणि तें तपासण्यास रत्नागिरीचें एक चांगलें उदाहरण उपलब्ध आहे.

प्रथम वादाचें स्वरूप सांगतों. फ्रान्समध्यें १९४८ सालीं अलेक्झांद्र आस्त्र्यूक यांनीं कॅमेरा ही दिग्दर्शकाची लेखणीच होय, असा विचार मांडला. १९५४ च्या जानेवारींत फ्रान्स्वा त्र्युफो यांनीं ‘काये द्यू सिनेमा’ या मासिकांत पटकथाकाराच्या छायेंत वावरणाऱ्या फ्रेंच चित्रपटांवर कडक टीका केली. पुढें १९६२ सालीं अमेरिकन समीक्षक अँड्र्यू सॅरिस यांनीं दिग्दर्शकाच्या कर्तृत्वाच्या तीन कसोट्या सांगितल्या: तंत्रावरील प्रभुत्व, अनेक कृतींतून ओळखूं येणारी व्यक्तित्वाची छाप, आणि सामग्रीशीं झगडतांना निर्माण होणारा आंतरिक अर्थ. ओळखूं येणें म्हणजे श्रेष्ठ असणें नव्हे, असा आक्षेप पॉलीन केल यांनीं १९६३ त घेतला. हा आक्षेप रास्त आहे. लेखनिकाचें वळणहि ओळखूं येतें, म्हणून तो ग्रंथकार ठरत नाहीं.

आतां उदाहरणाकडे वळूं. चिंतामण त्र्यंबक खानोलकर ऊर्फ आरती प्रभू (१९३०–१९७६) हे वेंगुर्लें भागांतले. १ मे १९८१ रोजीं सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत वेंगुर्लें हें रत्नागिरी जिल्ह्यांतच मोडत असे. सबब हयातभर ते त्या जिल्ह्याचेच लेखक होत. त्यांच्या निधनानंतर नऊ वर्षांच्या आंत त्यांच्या तीन कृतींवरून तीन दिग्दर्शकांनीं चित्रपट काढले. ‘चानी’ कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनीं त्याच नांवाचा चित्रपट १९७७ त, ‘कोंडुरा’वरून श्याम बेनेगल यांनीं १९७८ त, आणि ‘कालाय तस्मै नमः’ या नाटकावरून अमोल पालेकर यांनीं ‘अनकही’ हा हिंदी चित्रपट १९८५ त. येथें निवाड्याचें सूत्र असें: तिन्हींत जें समान तें खानोलकरांचें, आणि जें भिन्न असून त्या त्या दिग्दर्शकाच्या इतर कृतींशीं जुळतें, तें त्या दिग्दर्शकाचें.

समान काय तें सहज दिसतें. चानीच्या कपाळीं इंग्रज बापाचा जन्मकलंक आहे. कोंडुऱ्यांतल्या परशुरामास ब्रह्मचर्याच्या अटीवर वर मिळतो. ‘अनकही’त पहिली पत्नी जगणार नाहीं असें भविष्य वर्तविलें जातें. बाहेरून आलेलें विधिलिखित माणसेंच खरें करूं पाहतात आणि त्याची किंमत बहुधा स्त्रीस द्यावी लागते. हें सूत्र कोणा दिग्दर्शकाचें नव्हे.

भिन्न काय तें पाहूं. शांतारामांनीं ‘कुंकू’ (१९३७), ‘माणूस’ (१९३९) व ‘पिंजरा’ (१९७२) यांत स्त्रीस समाजाच्या नीतीपुढें उभें करून त्या नीतीचीच परीक्षा घेतली होती. चानी ही त्यांच्या हातीं त्याच मालिकेंत बसते. बेनेगलांनीं कोंकणची कथा आंध्रांत नेली आणि तेलुगूंत ‘अनुग्रहम्’ या नांवानेंहि काढली. भूमि बदलली, पण ‘अंकुर’ (१९७४) व ‘निशांत’ (१९७५) यांत दिसणारा गांवांतल्या सत्तेचा व स्त्रीच्या देहावरील हक्काचा प्रश्न तेथें पुढें आला. पालेकरांनीं तीच नियति शहरी मध्यमवर्गाच्या घरांत आणून आवाज खालीं ठेवला. त्यांत जयदेवांचें संगीत व पं. भीमसेन जोशी यांचें भजनगायन आहे, आणि दोघांसहि त्याकरितां राष्ट्रीय पारितोषिक मिळालें.

परंतु येथें सावधगिरी हवी. ‘अंकुर’पासून ‘कोंडुरा’पर्यंत बेनेगलांचें छायाचित्रण गोविंद निहलानी यांचें होतें, तेच पुढें ‘आक्रोश’ (१९८०) या चित्रपटानें दिग्दर्शक म्हणून पुढें आले. त्या चित्रांतली दृष्टि कोणाची मानावी? एकाच जोडीच्या कृतींची एकमेकींशीं तुलना करून हें ठरणार नाहीं. निहलानींनीं बेनेगलांशिवाय व बेनेगलांनीं निहलानींशिवाय केलेलीं चित्रें शेजारीं ठेवावीं, तेव्हां हात वेगळे होतील. ‘संत तुकाराम’ (१९३६) हें तर विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल या दोघांनीं मिळून दिग्दर्शित केलेलें चित्र. तेथें एकाच्या मुद्रेचा हट्ट धरणें चुकीचें होय.

तात्पर्य, दिग्दर्शकाची मुद्रा ही वस्तु खरी आहे; परंतु ती एका चित्रावरून सिद्ध होत नाहीं, तुलनेनें सिद्ध होते. तुलनेस साधनें लागतात, आणि साधनें झपाट्यानें नष्ट होत आहेत. २००३ च्या जानेवारींत पुण्यास नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागून प्रभातच्या मूळ फितींसह पुष्कळ जुना ठेवा जळाला. यासाठीं आमच्या संग्राहकांनीं मोडी कागदपत्रांशेजारींच पटकथेच्या हस्तलिखित प्रती, त्यांवरील दुरुस्त्या, गाण्यांच्या पुस्तिका व जाहिरातपत्रकें यांनाहि जागा द्यावी. दुरुस्ती कोणाच्या अक्षरांत आहे, हें एका कागदावरून कळतें. तो कागद गेला म्हणजे पुढच्या संशोधकाच्या हातीं केवळ तर्क उरतो.